कलिंगड वाईट, खजूर चांगला? इंडेक्स आणि लोडमधला घोळ

आईला मधुमेह निघाला त्या उन्हाळ्यात तिनं कलिंगड बंद केलं. कुणीतरी दिलेल्या तक्त्यात ते लाल रकान्यात होतं. खजूर हिरव्या रकान्यात, म्हणून दुपारी सात-आठ खजूर मात्र बिनधास्त चालायचे. तक्त्यातले आकडे खोटे नव्हते. ते ग्लायसेमिक इंडेक्सचे होते आणि तिला गरज होती ग्लायसेमिक लोडची.

इंडेक्स म्हणजे पदार्थातली कर्बोदकं रक्तातली साखर किती चढवतात, याची ग्लुकोजशी केलेली तुलना. ग्लुकोजला 100 धरतात. 55 पर्यंत कमी, 70 पासून पुढे जास्त. टोरांटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये ही पद्धत मांडली. पण चाचणीत साधारणपणे 50 ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील एवढा पदार्थ खायला देतात आणि गोम तिथंच आहे. कलिंगडात 90 टक्क्यांहून जास्त पाणी. 50 ग्रॅम कर्बोदकांसाठी साडेसहाशे ग्रॅमच्या वर गर खावा लागेल. आई खायची दोन फोडी!

लोडमध्ये ताटात पडलेलं प्रमाणही येतं. त्या घासातली कर्बोदकं गुणिले इंडेक्स, भागिले 100. कलिंगडाचा इंडेक्स बहुतेक तक्त्यांत सत्तरीच्या वर असतो, पण 120 ग्रॅम गरात कर्बोदकं जेमतेम 9 ग्रॅम, म्हणजे लोड 6-7. दहापर्यंतचा लोड कमीच मानतात. आता आठ खजूर घ्या. बिया काढून साधारण 60 ग्रॅम, त्यात तंतू वगळून 40 ग्रॅम कर्बोदकं. इंडेक्स 45 धरला तरी लोड 18. वीसपासून जास्त लोड सुरू होतो, म्हणजे उंबरठ्यावरच. खजूर विषारी नाही. दोनच खाल्ले तर हाच आकडा चार-पाचावर येतो.

आंब्याचंही तसंच. इंडेक्स पन्नाशीच्या आसपास, मध्यम आकाराचं अर्धं फळ खाल्लं तर लोड बेताचा. आमरसात मात्र वाटीत किती आंबे गेले ते दिसत नाही, चावायला काही उरत नाही, आणि सोबत पुऱ्या असतात. त्यांची कर्बोदकं वेगळी मोजावी लागतात.

आता आई कलिंगडाच्या दोन फोडी खाते आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बघते. तिच्या वहीत फोडींच्या शेजारी तो आकडाही लिहिलेला असतो.