टोकनाची कड दाखवा, मग भाव विचारा

अठराव्या शतकातल्या इंग्लिश तांब्याच्या टोकनांचे, म्हणजे व्यापारी-कंपन्यांनी काढलेल्या खाजगी नाण्यांचे फोटो आम्हाला व्हॉट्सॲपवर रोज येतात. खाली एकच प्रश्न: ‘काय येतील?’ फोटो दोन, पुढचा आणि मागचा. कडेचा नसतोच. तो मागवण्यात दोन दिवस जातात, वर ‘भाव सांगायला एवढे आढेवेढे कशाला’ हेही ऐकावं लागतं.

आढेवेढे नाहीत हो, निम्मा मजकूर कडेवर असतो. सरकारी टांकसाळीतून तांब्याची नाणी येईनाशी झाली तेव्हा १७८७ साली वेल्समधल्या अँगलसीच्या पॅरिस खाण कंपनीने स्वतःची पेनी काढली. लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसीला मागाल तेव्हा पैसे मिळतील, हा वायदा तिच्या कडेवर आहे. कॉव्हेंट्रीच्या १७९२च्या हाफपेनीवर एकीकडे घोड्यावर बसलेली दंतकथेतली लेडी गोडायव्हा, दुसरीकडे पाठीवर किल्ला घेतलेला हत्ती. पैसे देणारी रॉबर्ट रेनॉल्ड्सची वखार मात्र कडेवर. पुढे हलकी टोकनं पाडणाऱ्यांनी कडेवर भलत्याच गावांची नावं घातली, नाहीतर कड कोरीच सोडली. वसुलीला जाणार कुठे? दोन्ही बाजूंचा छाप तोच, पण कड बदलली की डाल्टन-हेमरच्या, म्हणजे या टोकनांच्या प्रमाण सूचीत नोंद बदलते. भावही बदलू शकतो.

फोटो काढणं सोपं आहे. टोकन मऊ कापडावर आडवं ठेवा, मोबाइल टेबलाच्या पातळीला आणा, उजेड एका बाजूने घ्या. थोडं थोडं फिरवत चार फोटो काढा. अक्षरं पुसट असली तरी चालतील, आम्ही लावून घेतो.

आमचा माल सीलबंद डबीत का नसतो, साध्या कागदी पाकिटात का, असंही विचारतात. बहुतेक डब्यांत कड झाकली जाते. आमच्याकडे पाकिटातून काढून, भिंगाखाली फिरवून मगच घ्या. सूचीतला क्रमांक पाकिटावर लिहिलेला असतो.

आणि कृपा करून चिंच-मीठ लावू नका. ही देवघरातली भांडी नव्हेत. तांबूस-तपकिरी झाक गेली की अर्धं गिऱ्हाईक गेलं.

बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत तिचा मालक मॅथ्यू बोल्टनने टोकनं पाडली, तशी १७९१ साली मुंबई इलाख्यासाठी कंपनी सरकारची तांब्याची नाणीही पाडली. तराजूचा छाप असलेली ती नाणी टोकनांशेजारी शोभून दिसतात. सध्या थोडी शिल्लक आहेत, येण्याआधी फोन करा म्हणजे काढून ठेवू.