मोह कुणाच्या बळावर जिंकायचा? एका जुन्या ख्रिस्ती वादाची पार्श्वभूमी

मोह आणि पापावर ख्रिस्ती प्रवचन ऐकलं की सल्ला साधारण ठरलेला असतो: प्रार्थना करा, वचन वाचा, कुसंगत टाळा. सल्ल्यात खोट काहीच नाही. पण त्याच्यामागे दोन हजार वर्षांची घासाघीस आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. मोहाशी झगडायचं की नाही, यावर मंडळीत कधीच दुमत नव्हतं. वाद झाले ते दोन गोष्टींवर. मनात आलेला विचार कुठल्या क्षणी पाप ठरतो? आणि तो परतवून लावायचं बळ माणसाचं की देवाचं?

दोन्ही प्रश्नांची बीजं बायबलमध्येच आहेत. बाप्तिस्म्यानंतर येशू चाळीस दिवस अरण्यात उपाशी राहतो. सैतान त्याला म्हणतो, धोंड्यांच्या भाकरी कर; मंदिराच्या शिखरावरून उडी टाक; मला नमन कर, म्हणजे जगातली सारी राज्यं तुझी. शेवटच्या दोन मोहांचा क्रम मत्तय आणि लूक वेगवेगळा देतात. येशूची उत्तरं मात्र दोघांकडे तीच, आणि तिन्ही उत्तरं 'अनुवाद' या एकाच पुस्तकातली. तो चर्चा करत बसत नाही, वचन म्हणतो आणि विषय संपवतो. इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: उडी टाकायला सांगताना सैतानही स्तोत्रसंहितेतलं वचनच म्हणून दाखवतो. नुसत्या पाठांतरावर विसंबून राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

इब्री लोकांस पत्र सांगतं की येशूची सर्व प्रकारे पारख झाली, तरी तो निष्पाप राहिला. म्हणजे मोह होणं हे काही पाप नाही. याकोबाच्या पत्रात वासना गर्भ धरते आणि पापाला जन्म देते, अशी पायरी-पायरीची मांडणी येते. पौल मात्र रोमकरांस लिहिताना हतबल होऊन म्हणतो की जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही, आणि जे नकोसं वाटतं तेच मी करतो. तोच पौल करिंथकरांना धीर देतो की तुमच्या शक्तीपलीकडे देव तुमची परीक्षा होऊ देणार नाही. पुढच्या पिढ्यांनी आपापल्या गरजेप्रमाणे यातलं एकेक वाक्य उचललं.

या प्रश्नाचा बारकाईने अभ्यास झाला तो इजिप्तच्या वाळवंटात, चौथ्या शतकात. जमीनजुमला विकून एकांतात गेलेल्या संन्याशांचा आद्य पुरुष म्हणजे अँटनी. माणसाने शेवटच्या श्वासापर्यंत मोहाची अपेक्षा ठेवावी, असं वचन त्याच्या नावावर आहे. या मंडळींना लवकरच कळून चुकलं की शहर सोडता येतं, डोक्यातले विचार बरोबर येतात.

त्या विचारांची पद्धतशीर नोंद केली इव्हाग्रियसने. त्याची स्वतःची गोष्ट सांगण्यासारखी आहे. कॉन्स्टँटिनोपलमध्ये तो नावाजलेला धर्मसेवक होता, आणि एका बड्या माणसाच्या बायकोत त्याचा जीव गुंतला. आपल्याला अटक झाल्याचं स्वप्न पडलं, तेव्हा घाबरून त्याने शहर सोडलं आणि जेरुसलेम गाठलं. तिथे पोचल्यावर चार दिवसांत पुन्हा जुनाच थाट सुरू झाला. मग ताप आला तो सहा महिने हटेना. वैद्यांनी हात टेकले. मेलानिया नावाच्या संन्यासिनीने त्याला सरळ विचारलं, की हे दुखणं मला साधं वाटत नाही, काय ते बोल. त्याने सगळं सांगून टाकलं, संन्यास घ्यायचं वचन दिलं, आणि थोड्याच दिवसांत तो उठून बसला. त्याच्या शिष्याने, पॅलेडियसने, ही हकिकत लिहून ठेवली आहे. तापाचं वैद्यकीय कारण काय होतं ते सोडून देऊ. पण आपल्या दुखण्याचं नाव दुसऱ्याजवळ घेणं हा प्रकार या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटतो, आणि माझ्या मते तोच या विषयाचा खरा धागा आहे.

इव्हाग्रियस पुढे इजिप्तला गेला आणि 399 साली तिथेच वारला. त्याने आठ विचार नोंदवले: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, राग, उबग, पोकळ प्रतिष्ठेची हाव आणि गर्व. आपल्याकडचे षड्रिपू ठाऊक असलेल्या वाचकाला यादी ओळखीची वाटेल, पण त्यातली खिन्नता आणि उबग चकित करतात. उबगाचं वर्णन तर त्याने अगदी जवळून पाहून केलं आहे. सकाळी दहाच्या सुमाराला हा विचार येतो. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा झाला आहे, असं वाटायला लागतं. संन्यासी सारखा खिडकीशी जातो, बाहेर येऊन उन्हाकडे बघतो, जेवणाची वेळ किती लांब आहे ते मोजतो. मग त्याला वाटायला लागतं की इथल्या भावांत प्रेमच उरलेलं नाही, दुसऱ्या ठिकाणी देवाची सेवा जास्त नीट होईल. ऑफिसात दुपारी बसून हे वाचणाऱ्याला वेगळं भाष्य नको.

हे विचार मनात येणं न येणं आपल्या हाती नाही, असं इव्हाग्रियस स्पष्ट म्हणतो. ते रेंगाळू द्यायचे की नाही, एवढंच आपल्या हाती आहे. एकेका विचाराला तोंडावर फेकायची चारशेहून जास्त वचनं त्याने एका पुस्तकात निवडून ठेवली. अरण्यातल्या येशूचीच ही रीत, फक्त आता तिची हातपुस्तिका झाली. शिवाय रोजचे विचार आपल्या अब्बाला, म्हणजे वडीलधाऱ्या गुरूला, जसेच्या तसे सांगायचा रिवाज होता. शिक्षेचा त्यात संबंध नव्हता. लपवलेला विचार बळावतो, सांगितलेला ओसरतो, हा त्यांचा अनुभव होता.

ही शिकवण पश्चिमेला नेली जॉन कॅशियनने. साधारण 415 च्या सुमारास तो मार्सेला स्थायिक झाला आणि त्याने हे सारं लॅटिनमध्ये उतरवलं. पोप ग्रेगरीने सहाव्या शतकाच्या अखेरीस यादी बदलली. गर्वाला सगळ्यांचं मूळ ठरवून वेगळं काढलं, मत्सर आत घेतला, खिन्नता आणि उबग एकत्र केले. पुढे आळस धरून जी सात मोठ्या पापांची यादी रूढ झाली, ती इथून आली. या बदलात काहीतरी हरवलं असं मला वाटतं. इव्हाग्रियसची यादी विचारांची होती, दारात कोण उभं आहे ते ओळखण्यासाठी. नंतरची यादी पापांची झाली, कोण किती चुकला ते मोजण्यासाठी.

दुसरा प्रश्न, बळ कुणाचं हा, ऐरणीवर आणला ऑगस्टीन या धर्मपंडिताने. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर शेजारच्या बागेतली नासपती चोरल्याचं तो आपल्या आत्मकथनात पानंच्या पानं लिहितो. भूक नव्हती, फळंही फारशी चांगली नव्हती. बरीचशी डुकरांपुढे टाकली. मग चोरी का केली? चोरी करण्यातच गोडी होती म्हणून, हे त्याचं उत्तर. माणसाची इच्छाच वाकडी झाली आहे, या निष्कर्षावर तो इथून येतो. 386 साली मिलानच्या एका बागेत त्याने रोमकरांस पत्रातल्या ओळी वाचल्या आणि त्याचं आयुष्य फिरलं. पुढच्या वर्षी ईस्टरला तिथल्या बिशप अँब्रोझकडून त्याचा बाप्तिस्मा झाला. मोहाच्या तीन पायऱ्याही त्याने सांगितल्या: सुचणं, त्यात रस वाटणं आणि संमती देणं. संमती दिली की पाप पूर्ण होतं. पहिल्या प्रश्नाचं हे उत्तर पुढे बहुतेकांनी मान्य केलं.

'तू जे आज्ञापितोस ते दे, आणि मग हवं ते आज्ञाप' ही त्याची देवाला केलेली विनवणी रोममध्ये पेलेगियसच्या कानावर पडली आणि तो भडकला. ब्रिटनमधून आलेला हा कडक शिस्तीचा माणूस. देवाने आज्ञा दिली म्हणजे ती पाळायची कुवत माणसात आहेच. देवाच्या कृपेच्या नावाखाली लोक आळशी होतात, असं त्याचं म्हणणं. 418 साली कार्थेजच्या धर्मसभेने त्याची मतं धिक्कारली, आणि 529 साली ऑरेंजच्या सभेने ठरवलं की विश्वासाची सुरुवातदेखील कृपेनेच होते. पेलेगियस कागदावर हरला. पण 'मनात आणलं तर सगळं जमतं' असं सांगणारा प्रत्येक उपदेशक, नकळत का होईना, त्याचाच चेला असतो.

मोहाला बळी पडलेल्याचं काय, ही बाजू वेगळ्याच वळणाने गेली. सुरुवातीच्या शतकांत मोठ्या पापासाठी प्रायश्चित्त जाहीर असे, आणि आयुष्यात एकदाच मिळे. साहजिकच लोक बाप्तिस्माच पुढे ढकलत. सम्राट कॉन्स्टंटाइनने तो 337 साली मरणाच्या दारात घेतला. सहाव्या-सातव्या शतकांत आयरिश मठवाशांनी खाजगी आणि पुन्हा पुन्हा करता येणाऱ्या कबुलीची, म्हणजे धर्मगुरूपाशी आपली पापं सांगण्याची, पद्धत रुळवली. कुठल्या पापाला किती दिवस भाकरी-पाण्यावर राहायचं, याची त्यांनी कोष्टकंच केली, आणि त्यातलं एक तर कॅशियनने पश्चिमेला नेलेल्या त्या आठ विचारांच्या यादीवरच रचलेलं आहे. 1215 साली लॅटरनच्या चौथ्या परिषदेने वर्षातून निदान एकदा कबुली सक्तीची केली. ऐकलेलं फोडणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून कायमचं कडक मठात धाडायचं, हेही त्याच कलमात आहे.

सक्ती आली तशी धास्तीही आली. पुढे प्रॉटेस्टंट धर्मसुधारणा सुरू करणारा, एरफुर्टच्या मठातला तरुण मार्टिन लूथर तासन्‌तास कबुली देई, आणि बाहेर पडताच राहिलेलं पाप आठवून परत येई. त्याचा वडीलधारी श्टाउपिट्स वैतागून जाई. माणूस एकाच वेळी देवापुढे नीतिमान ठरलेला आणि तरीही पापी असतो, या लूथरच्या निष्कर्षामागे ही तगमग आहे. 1517 साली त्याने मांडलेल्या पंच्याण्णव मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा सांगतो की विश्वासणाऱ्याचं सबंध आयुष्य पश्चात्तापाचं असावं. दोन वर्षांनी प्रभूच्या प्रार्थनेवर लिहिताना मात्र त्याने आधार घेतला वाळवंटातल्या एका वृद्धाचा: पाखरांना डोक्यावरून उडायला तू मज्जाव करू शकत नाहीस, पण केसांत घरटं बांधू न देणं तुझ्या हातात आहे. धर्मसुधारणेच्या ऐन धामधुमीत इव्हाग्रियसच्या घराण्याचं हे बोलणं.

कबुलीची सक्ती गेल्यावर प्रॉटेस्टंट माणूस बराच एकटा पडला. इंग्लंडातले प्युरिटन, म्हणजे कडक शिस्तीचे प्रॉटेस्टंट, रोजनिशा लिहून स्वतःचीच उलटतपासणी घेत. इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्लीने ही कोंडी फोडली. 1738 च्या नाताळात त्याने छोट्या गटांसाठी नियम लिहिले. आठवड्यातून एकदा जमायचं आणि प्रत्येकाला विचारायचं: गेल्या भेटीनंतर कुठली पापं केलीत? कुठले मोह समोर आले? त्यांतून कसे सुटलात? त्याच्या अनुयायांचे ब्रिस्टलमधले 'वर्ग' नावाचे गट तर कर्जफेडीसाठी निघाले होते. 1742 साली सभागृहाचं देणं भागवायला दर माणशी आठवड्याला एक पेनी ठरली. ती गोळा करायला घरोघर गेलेल्यांना आत कोण दारू पितो, कोण भांडतो ते दिसलं. पैशांची फेरी होता होता तिची विचारपूस झाली.

1935 मध्ये दोन गोष्टी एकमेकींशी संबंध नसताना घडल्या. मे महिन्यात अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात, धंद्यातला सौदा फिसकटलेला बिल विल्सन हॉटेलच्या लॉबीत उभा होता. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते, आणि बारमधला हसण्याखिदळण्याचा आवाज कानावर येत होता. तो फोनकडे वळला आणि चर्चच्या यादीतून नंबर लावत त्याने बोलायला दुसरा दारुडा शोधला. सापडले डॉक्टर बॉब स्मिथ. या भेटीतून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' उभी राहिली. दोघेही तेव्हा ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत होते. 1939 साली छापलेल्या बारा पायऱ्यांतली पहिली म्हणजे आपण हतबल आहोत ही कबुली, आणि पाचवी म्हणजे आपल्या चुका देवापाशी, स्वतःपाशी आणि आणखी एका माणसापाशी मान्य करणं. पहिलीत ऑगस्टीन आहे, पाचवीत मेलानिया.

त्याच वर्षी जर्मनीत डीट्रिख बोनहोफर नाझी राजवटीला न जुमानणाऱ्या मंडळीसाठी पाळक घडवत होता. फिंकेनवाल्डेच्या त्या विद्यालयात त्याने सुचवलं की आपण एकमेकांपाशी कबुली द्यावी. लूथरच्या परंपरेत वाढलेले विद्यार्थी बिचकले. मग एक दिवस त्याने स्वतःच, या बाबतीत अगदी कोऱ्या असलेल्या एका विद्यार्थ्याला, आपली कबुली ऐकायला बसवलं. 1937 साली गेस्टापोने विद्यालय बंद पाडलं. पुढच्या वर्षी त्याने तिथल्या जीवनावर छोटं पुस्तक लिहिलं. त्याच्या शेवटच्या प्रकरणात ऐकणाऱ्याला दिलेली ताकीद आहे: जो स्वतः कबुली देत नाही, त्याने दुसऱ्याची ऐकायला बसू नये.