गेशा कॉफीत एसेन्स मारतात म्हणे!

गेशा नावाच्या जातीच्या कॉफीला जाईच्या फुलांचा वास येतो म्हणजे नक्की त्यात एसेन्स मारलेला असणार, हे कित्येक वर्षं फिरतंय. तसं काही नाहीये हो. फ्लेवर्ड कॉफी वेगळी, ही वेगळी. हा वास त्या झाडाच्या जातीतूनच येतो. मूळची इथिओपियातली, तिथून केनिया-टांझानिया करत १९५३ साली कोस्टा रिकाच्या संशोधन केंद्रात पोचली आणि पुढे पनामात लावली ती पानांवर पडणारा तांबेरा रोग सहन करते म्हणून, चवीचं तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं! वर उत्पन्न कमी, फांद्या पटकन मोडणार, त्यामुळे शेतकरी वैतागलेलेच.

मग २००४ मध्ये एस्मेराल्डा मळ्याच्या पीटरसन कुटुंबाने उंचावरच्या झाडांची कॉफी वेगळी काढून पनामाच्या कॉफी स्पर्धेत उतरवली आणि परीक्षक चाटच पडले.

आता मळा कमी उंचीवर असेल किंवा बिया काळ्याकुट्ट भाजल्या तर हाच वास गायब होतो. हलकी भाजलेली घ्या, दूध-साखर न घालता फिल्टर पेपरमधून गाळा, जरा कोमट होऊ द्या, मग जाई, संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी आणि पीचचा गोडवा लागतो, अंगाने अगदी चहासारखी पातळ. कडक, फेसाळ कॉफीवाल्यांना मात्र ही पाणचटच वाटणार, आणि एवढी महाग म्हटल्यावर तर शिव्याच घालतील.