कस्टोडियन फोर्स इंडिया (कोरिया, १९५३–५४)

कोरियन युद्धात पकडले गेलेले, पण मायदेशी परतायला तयार नसलेले युद्धकैदी सांभाळण्यासाठी भारताने पाठविलेले सैन्यदल. २७ जुलै १९५३ च्या युद्धविराम करारानुसार भारत, स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया या पाच तटस्थ राष्ट्रांचा प्रत्यावर्तन (कैद्यांना मायदेशी परत पाठविण्याचा) आयोग नेमण्यात आला. कैद्यांवरील सशस्त्र पहारा मात्र एकट्या भारताकडे होता. आयोगाचे अध्यक्ष लेफ्टनंट जनरल के. एस. थिमय्या, तर दलाचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात होते. दलाची संख्या काही ठिकाणी साडेपाच हजारांच्या आसपास दिलेली आढळते. २३१ अधिकारी, २०३ जेसीओ (कनिष्ठ आयुक्त अधिकारी) आणि ५,६९६ जवान ही भारतीय लष्करी नोंद अधिक ग्राह्य वाटते.

या दलाला संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैन्य म्हणावे का, याबद्दल एकमत नाही. भारताच्या शांतिकार्याच्या याद्या कोरियापासूनच सुरू होतात. त्यात १९५० साली गेलेले ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे लष्करी वैद्यकीय पथकही धरलेले असते. पण ते पथक लढाई चालू असताना गेले होते, आणि पुढचे कस्टोडियन दल आयोगाला बांधील होते. दक्षिण कोरियाच्या बाजूने लढलेली संयुक्त राष्ट्रांची कमान तर युद्धविराम करारातलाच एक पक्ष होती. शांतिसैनिकांची ओळख असलेली निळी टोपी आली ती १९५६ मध्ये, गाझातील संयुक्त राष्ट्रांच्या आणीबाणी दलाबरोबर. त्यामुळे कस्टोडियन दलाला शांतिसेनेची पूर्वपीठिका मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

दक्षिण कोरियाने भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर उतरू दिले नाही. म्हणून इंचॉनला आलेल्या जहाजांवरून त्यांना अमेरिकी हेलिकॉप्टरांनी दोन्ही कोरियांमधील असैनिकी पट्ट्यात नेण्यात आले. तेथील छावणीला ‘हिंद नगर’ असे नाव होते. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने २२,६०४ कैदी (१४,७०४ चिनी, ७,९०० कोरियन) ताब्यात आले, उत्तरेकडून ३५९.

खरी अडचण ‘समजावणी’ची होती. कैद्याला त्याच्या देशाच्या प्रतिनिधींनी तंबूत आयोगासमोर समजवायचे आणि मग त्याने एका दाराने मायदेशी, नाहीतर दुसऱ्या दाराने परत कुंपणात जायचे, अशी पद्धत होती. दर हजार कैद्यांमागे सातपेक्षा जास्त समजावणारे नसावेत, ही अट होती. नव्वद दिवसांची मुदत असूनही काम झाले ते जेमतेम दहा दिवस. एकेका कुंपणात कैद्यांच्याच संघटनांचा वचक होता. कैदी तंबूकडे यायलाच नकार देत, आणि बळजबरी करायची नाही असे करारच सांगत होता. सप्टेंबरअखेर एका भारतीय मेजरला चिनी कैद्यांनी कुंपणात ओढून नेले, तेव्हा थोरात स्वतः आत शिरले आणि त्याला सोडवून आणले. त्यांना अशोक चक्र, वर्ग २ (आताचे कीर्तिचक्र) मिळाले. ऑक्टोबरच्या आरंभी मात्र पहाऱ्याला गोळीबार करावा लागला व त्यात कैदी दगावले. जानेवारी १९५४ मध्ये उरलेले कैदी त्या त्या पक्षाकडे परत सोपविण्यात आले. तटस्थ देश मागणारे ८८ जण दलाबरोबर भारतात आले. ८६ हा आकडा कुठे दिसला, तर तो फक्त संयुक्त राष्ट्रांच्या बाजूच्या कैद्यांचा समजावा.

या दलाशी कोकणाचा संबंध येतो तो पलटणींमधून. जुन्या रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांतून मराठा आणि महार पलटणींत पिढ्यान्‌पिढ्या भरती होत आली. कोरियाला गेलेल्यांत दुसरी पॅरा (मराठा) या छत्रीधारी पलटणीचे नाव घेतले जाते. ही पूर्वीची तिसरी मराठा, म्हणजे माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांची पलटण. त्यांना इटलीतील १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. १९५२ मध्ये ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. म्हणून आजोबा ‘मराठ्यात’ होते एवढेच ठाऊक असलेली घरे बेळगावला मराठा रेजिमेंटकडे चौकशी करतात, आणि कागद असतात पॅराशूट रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात. महार पलटणीतल्यांसाठी मध्य प्रदेशातील सागरला महार रेजिमेंटकडे स्वतंत्र विचारावे लागते.

घरात विदेश सेवा पदक असेल तर फितीवरची पट्टी पाहावी. ‘कोरिया’ ही पट्टी अँब्युलन्स पथक व कस्टोडियन दल दोघांनाही मिळाली, तेव्हा कोणत्या वर्षी गेले ते डिस्चार्ज बुकावरूनच (सेवामुक्तीच्या पुस्तिकेवरूनच) ठरते. अभिलेख कार्यालयाकडे करायच्या अर्जात जिल्हा लिहिताना त्या काळचा लिहावा: सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला आणि कुलाब्याचे रायगडही त्याच वर्षी झाले. मालवणच्या माणसाची नोंद त्यामुळे रत्नागिरीखालीच सापडते.