निर्दोषत्वाचे गृहीतक आणि संशयाचा फायदा : स्पॅनिश न्यायालय या दोहोंत फरक का करते

'संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता' हे शब्द आपल्या वर्तमानपत्रांत इतक्या वेळा छापून येतात की, आरोपीला मुळात निर्दोष मानणे आणि शंका उरल्यास त्याला सोडून देणे या दोन्ही गोष्टी एकच वाटू लागतात. स्पेनमध्ये मात्र या दोहोंची नावे वेगळी आहेत आणि, वकिलाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, वरच्या न्यायालयातील त्यांचे वजनही वेगळे आहे. पहिलीला तेथे 'प्रेसुन्सिओन दे इनोसेन्सिया', म्हणजे निर्दोषत्वाचे गृहीतक, म्हणतात. दुसरीसाठी 'इन दुबिओ प्रो रेओ' हे लॅटिन वचनच वापरतात, ज्याचा अर्थ 'शंका असेल तेथे आरोपीच्या बाजूने' असा होतो.

लॅटिन वचनामागचा विचार रोमन आहे. केवळ संशयावरून कोणालाही दोषी ठरवू नये, निरपराध माणसाला शिक्षा होण्यापेक्षा अपराध्याचा गुन्हा शिक्षेविना राहिलेला बरा, असे सम्राट त्रायानने कळवल्याचे उल्पियन या विधिज्ञाने नोंदवले आणि ते जस्टिनियनच्या 'डायजेस्ट'मध्ये टिकले. तेराव्या शतकात दहाव्या आल्फोन्सो राजाच्या 'सिएते पार्तिदास' या संहितेतही फौजदारी पुरावा उजेडासारखा स्वच्छ हवा, असे म्हटले आहे.

गृहीतकाला स्पेनमध्ये मूलभूत हक्काचा दर्जा मिळाला तो 1978 च्या संविधानाच्या कलम 24 मुळे. तोपर्यंत 1882 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 741 नुसार न्यायाधीश आपल्या सदसद्विवेकाला स्मरून पुरावा तोलत असे, आणि त्या तोलण्यात बाहेरून फारसे कोणाला डोकावता येत नसे. संविधान न्यायालयाने 28 जुलै 1981 च्या निकालात (क्रमांक 31/1981) बजावले की, तोलण्यासाठी आधी काहीतरी पारड्यात असले पाहिजे : निदान किमान पुरावा, तोही आरोप सिद्ध करणारा आणि कायदेशीर मार्गाने आलेला.

दुकानाचा गल्ला फोडल्याचा एक खटला कल्पून पाहू. आरोपीविरुद्ध फक्त त्याच्याच साथीदाराचे निवेदन आहे, त्याला दुजोरा देणारे दुसरे काहीही नाही, तरी न्यायाधीशाची पक्की खात्री पटली आहे. त्याच्या मनात शंकेचा लवलेश नाही, त्यामुळे लॅटिन वचन येथे लागूच होत नाही. तरीही शिक्षा टिकणार नाही, कारण सहआरोपीचे एकटे निवेदन गृहीतक मोडून काढायला पुरेसे ठरत नाही. आता गल्ल्यावर आरोपीच्या बोटांचे ठसे आहेत आणि शेजाऱ्याने त्याला पळताना पाहिले आहे असे समजू. मात्र तोच शेजारी उलटतपासणीत डळमळतो आणि ठसे आदल्या दिवशीच्या खरेदीचेही असू शकतात. पुरावा तर आहे, पण दोन्ही बाजू ऐकून न्यायाधीशाचे मन ठरत नाही. 'इन दुबिओ प्रो रेओ' कामी येते ते येथे.

थोडक्यात, गृहीतक पुराव्याकडे पाहते आणि वचन न्यायाधीशाच्या मनाकडे. पुरेसा, कायदेशीर पुरावा होता का, हे वरचे न्यायालय कागदपत्रांवरून तपासू शकते. 'तुम्हाला शंका यायला हवी होती' असे मात्र ते खालच्या न्यायाधीशाला सांगू शकत नाही. म्हणून मूलभूत हक्कांसाठीच्या 'आम्पारो' या अर्जात केवळ लॅटिन वचनावर विसंबणारा वकील हात हलवत परततो. याला एक अपवाद आहे, आणि मला तोच सर्वांत बोलका वाटतो : न्यायाधीशाने निकालपत्रात स्वतःची शंका लिहून ठेवली आणि तरीही शिक्षा दिली, तर सर्वोच्च न्यायालय ती रद्द करू शकते.

आपल्याकडे अशी काटेकोर फारकत नाही. महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात 1973 मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी मनातील प्रत्येक चलबिचल म्हणजे वाजवी संशय नव्हे, असे बजावले, तेव्हा प्रश्न शंका किती मोठी हवी हा होता. स्पॅनिश वकिलाला त्याआधीच ती शंका कोणाच्या मनातली आणि कोठे नोंदवलेली, हे दाखवावे लागते.