अली दोरांना टेकून नुसता मार खात होता? अजिबात नाही

कितीतरी वर्षं हेच ऐकतोय की १९७४ ला किन्शासात (आताच्या काँगोची राजधानी) झालेल्या बॉक्सिंगच्या फाईटमध्ये मुहम्मद अली रिंगच्या दोरांना टेकून उभा राहिला, समोरचा जॉर्ज फोरमन मारून मारून दमला आणि ८ व्या राऊंडला पडला. म्हणजे काय, मार खायची ताकद असली की झालं? अहो, ती फाईट पूर्ण बघा एकदा.

पहिल्याच राऊंडमध्ये अली जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ पंच) न टाकता थेट उजव्या हाताचे पंच मारतोय, ज्याची फोरमनला अपेक्षाच नव्हती. नंतर दोरांवर गेला तरी बहुतेक पंच हातांवर आणि ग्लोव्हजवर घेतले, डोकं मागे झुकवून बाकीचे हुकवले, आणि हुकलेला पंच लागलेल्या पंचपेक्षा जास्त दमवतो हे लक्षात घ्या, कारण सगळा जोर हवेत जातो आणि तोल सावरायला परत ताकद लागते. त्यात क्लिंचमध्ये (दोघं एकमेकांना धरतात तेव्हा) अली फोरमनची मान खाली दाबून अंगाचा भार टाकायचा, मला तर हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, पण त्याबद्दल कोणी बोलतच नाही. पोटावर मात्र खरंच जबरदस्त पंच खाल्ले अलीने, ते नाकारत नाही.

आणि मधेमधे, विशेषतः राऊंड संपताना, फोरमनच्या तोंडावर पटापट पंच! फाईट थांबली तेव्हा तिन्ही स्कोअरकार्डवर (गुण देणाऱ्यांच्या नोंदीत) अलीच पुढे होता. नुसता मार खाणारा पॉइंट्सवर पुढे कसा असेल?