आबेंच्या पाठीमागे कोण पाहत होतं?

सुतळी बॉम्ब फुटला की आपण काय करतो? दचकतो आणि मान वळवून पाहतो. रस्त्यात टायर फुटला तरी तेच. झटकन जमिनीवर आडवं व्हावं असं कुणाच्या मनातही येत नाही.

8 जुलै 2022 रोजी जपानमधल्या नारा शहरात, यामातो-साइदाइजी स्टेशनबाहेर नेमकं हेच झालं. माजी पंतप्रधान शिंझो आबे (2017 साली अहमदाबादला येऊन आपल्या बुलेट ट्रेनची पायाभरणी करून गेले होते तेच) प्रचारसभेत बोलत होते. भाषण सुरू होऊन दोन-तीन मिनिटंच झाली असतील. मागून धडाम आवाज आला, पांढऱ्या धुराचा लोट उठला. आबेंनी डाव्या खांद्यावरून वळून पाहिलं. ती पहिली फैर त्यांना लागलीच नव्हती. मारेकरी आणखी पुढे आला आणि त्याने दुसरी झाडली.

दोन फैरींमध्ये साधारण अडीच ते पावणेतीन सेकंद गेले.

‘अंगरक्षक झोपले होते का?’ हा प्रश्न त्या दिवशी जगभर विचारला गेला. मला तो आळशी प्रश्न वाटतो. झोपलेलं कुणीच नव्हतं. डोळे उघडे होते, पण कुठे लागले होते आणि कानावर पडलेल्या आवाजाचा मेंदूने काय अर्थ लावला, हे पाहायला हवं.

आधी हिशेब करू. मारेकरी पहिल्या वेळी सुमारे सात मीटरवर होता. आवाजाला तेवढं अंतर कापायला सेकंदाचा पन्नासावा भागसुद्धा पुष्कळ झाला. ‘आवाज आला की बटण दाबा’ असं सांगून ठेवलं, तर निरोगी माणूस 0.2 सेकंदाच्या आत-बाहेर बटण दाबतो. म्हणजे नेत्याला खाली दाबायला दोन सेकंदांहून जास्त वेळ शिल्लक होता. पण बटणाच्या प्रयोगात पुढे काय येणार हे आधीच ठाऊक असतं. नाऱ्यात आधी ‘हे काय होतं?’ हे ठरवायचं होतं, मग ‘काय करू?’ हे. फटाका? टायर? बंदूक? पर्याय वाढले की मेंदू रेंगाळतो. त्यात हत्यार घरी बनवलेलं, दोन नळ्या टेपने बांधलेल्या. तिचा आवाज आणि धूर ओळखीच्या पिस्तुलाचा नव्हताच. काही रक्षकांनी बुलेटप्रूफ ब्रीफकेस वर धरल्या, पण तोवर उशीर झाला होता.

शिवाय हा जपान. 2021 च्या अख्ख्या वर्षात त्या देशात गोळीबारात एकच माणूस मेला होता. दुर्मीळ गोष्ट डोळ्यांसमोर असूनही निसटते, हे 2005 साली मानसशास्त्रज्ञ जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखवलं. त्यांनी लोकांना सामानाच्या एक्स-रेसारख्या गजबजलेल्या चित्रांत ठरावीक वस्तू शोधायला लावली. निम्म्या चित्रांत ती वस्तू असताना चुका 7 टक्के झाल्या. शंभरात एकाच चित्रात ती ठेवली, तेव्हा असलेल्या वस्तूंपैकी 30 टक्के निसटल्या. माणसं तीच, डोळे तेच. ‘नसणारच’ याची सवय झाली की शोध लवकर आटोपतो.

त्याहून जुनं काम नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाचं. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्याकडे पाहत बसलेल्या माणसांच्या नजरेतून पाणबुड्या का सुटतात, हा प्रश्न होता. मॅकवर्थने कोऱ्या तबकडीवर फिरणारा काटा बनवला. काटा सेकंदाला एक उडी घेई, क्वचित कधी दुप्पट. ती दुप्पट उडी टिपायची, बस्स. पहिल्या अर्ध्या तासानंतर चुका चांगल्याच वाढल्या. आपल्याकडच्या सभेतला बंदोबस्तावरचा हवालदार आठवा. सुरुवातीला तोंड गर्दीकडे असतं. मग भाषण रंगतं, टाळ्या पडतात आणि त्याची मान हळूच व्यासपीठाकडे वळते. त्याला कामचुकार म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

नाऱ्यात हेच घडलं, फक्त दिशा वेगळी. आबे रस्त्यातल्या रेलिंगच्या आत उभे होते आणि पाठीमागचा रस्ता वाहता होता. जपानच्या राष्ट्रीय पोलीस संस्थेने ऑगस्टमध्ये दिलेल्या अहवालानुसार, मागची बाजू सांभाळणाऱ्याचं लक्ष समोर वाढत चाललेल्या गर्दीकडे गेलं होतं. ऐनवेळी मागून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं, तिकडेही नजरा वळल्या. आणि खरी मेख अशी की बंदोबस्ताचा आराखडा त्याच जागी आधी झालेल्या दुसऱ्या नेत्याच्या सभेवरून जवळपास तसाच उचललेला होता. तेव्हा काही झालं नाही, म्हणून आताही होणार नाही! पुढे राष्ट्रीय पोलीसप्रमुख इतारू नाकामुरा यांनी पद सोडलं.

30 मार्च 1981 चं वॉशिंग्टन शेजारी ठेवून पाहा. हॉटेलबाहेर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर 1.7 सेकंदांत सहा गोळ्या झाडल्या गेल्या. जेरी पार या रक्षकाने त्यांना खांद्याला धरून गाडीत ढकललं, तर टिम मॅकार्थी हातपाय फाकवून समोर उभा राहिला आणि त्याने गोळी पोटात घेतली. विचार करायला वेळच नव्हता. ‘फटाका असला तरी ढकल’ हे शेकडो वेळा घोटून घेतलेलं होतं, आणि फटाका निघालाच तर फार तर हसं होतं. पण हल्लेखोराला तपासणीविना चार-पाच मीटरवर उभं राहू दिलं, ही चूक कितीही चपळाईने भरून निघत नाही. गाडीवर आपटून उडालेली एक गोळी रेगन यांना लागलीच.

15 एप्रिल 2023 रोजी, म्हणजे नाऱ्यानंतर वर्षही झालं नव्हतं तेव्हा, वाकायामातल्या साइकाझाकी बंदरावर जपानचे तेव्हाचे पंतप्रधान फुमिओ किशिदा यांच्या पायांशी एक नळकांडं येऊन पडलं. रक्षकाने ब्रीफकेसने ते दूर सारलं, लाथेने आणखी लांब ढकललं आणि किशिदांना तिथून हलवलं. स्फोट झाला तो जवळपास 50 सेकंदांनी. रक्षक या वेळी चुकले नाहीत. पण सभेला आलेल्यांच्या पिशव्या कुणी तपासल्या नव्हत्या, आणि गर्दीत हल्लेखोराची मान पहिल्यांदा ज्याने आवळली तो पोलीस नव्हता. तो त्या बंदरावरचा एक कोळी होता.